तंबुलची ओंजळ

वाळवंटातल्या युद्धावरचा एक जुना अमेरिकन चित्रपट मी या उन्हाळ्यात चुडाव्याला, आमच्या घराच्या ओसरीवर बसून पाहिला. चित्रपटाचे नाव 'सहारा'. १९४३ साली कोलंबिया कंपनीने तो काढला. झोल्तान कोर्डा हा त्याचा दिग्दर्शक आणि हम्फ्री बोगार्ट हा त्याचा नायक. पुतण्याने लॅपटॉप आणला होता. मे महिन्याची दुपार होती, लाइट गेलेली होती आणि आई शेजारी ज्वारी निवडत बसली होती. तिला इंग्रजी कळत नाही. तरीपण तिचे डोळे मधून मधून पडद्याकडे जात होते. विहिरीचा प्रसंग आला तेव्हा तिने सूप खाली ठेवले. एक काळा माणूस कोरड्या विहिरीत उतरला आहे, खडकातून ठिबकणारे थेंब दोन्ही हातांच्या ओंजळीत धरतो आहे, आणि वर उभे असलेले गोरे लोक त्या पाण्याची वाट पाहत आहेत. आई म्हणाली, "त्याच्या हातचं पितेत का रं सगळे?"

"पितेत," मी म्हणालो.

"मग भांडन कशाचं हाय?"

या प्रश्नाचे उत्तर मला तिथल्या तिथे देता आले नाही. या चित्रपटावर इंग्रजीत बरेच लिहिले गेले आहे. रणगाड्याविषयी, बोगार्टच्या अभिनयाविषयी, छायाचित्रणाविषयी लिहिले गेले आहे. परंतु आईचा प्रश्न त्या लेखनात कोणी विचारलेला मला तरी आढळला नाही. म्हणून हा लेख.

कथा थोडक्यात सांगतो. जून १९४२. तोब्रुक पडले आहे. जर्मन सेनापती रोमेलच्या हाती तिथे सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले. या पडझडीत सार्जंट गन हा अमेरिकन आपला एक रणगाडा आणि दोन साथीदार घेऊन दक्षिणेकडे माघार घेतो आहे. वाटेत त्याला एक इंग्रज डॉक्टर-कॅप्टन आणि त्याचे काही सैनिक भेटतात, एक फ्रेंच भेटतो. पुढे वाळूतून चालत येणारा तंबुल भेटतो. तंबुल हा सुदानी पलटणीतला सार्जंट मेजर, आणि त्याच्यापुढे त्याने पकडलेला इटालियन कैदी जिसेप्पे. त्यानंतर एक जर्मन विमान पाडले जाते आणि त्याचा वैमानिक फॉन श्लेटोव्ह हाती लागतो. आता सगळ्यांना पाणी हवे आहे. विहिरींचा ठावठिकाणा फक्त तंबुलला माहीत आहे. तो त्यांना एका पडक्या ठाण्यातल्या विहिरीपाशी नेतो. विहीर जवळपास आटलेली आहे. तेवढ्यात शेकडो जर्मनांची तहानलेली तुकडी त्याच विहिरीकडे येते, आणि हे मूठभर लोक ती विहीर लढवतात.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. तंबुलच्या ओंजळीकडे एखादा अमेरिकन समीक्षक पाहील तेव्हा त्याला त्यात कष्ट दिसतील, धीर दिसेल, कदाचित करुणा दिसेल. आपल्याला त्यात आणखी काही दिसते, कारण ओंजळ आपल्या ओळखीची आहे. आपल्याकडे ओंजळ ही पिणाऱ्याची होती. वरून कोणीतरी धार सोडायची, हात तोंडाला लावून खाली वाकायचे, भांड्याला स्पर्श होणार नाही इतके अंतर राखायचे, आणि धार थांबली की थांबायचे. तहान किती आहे ते पिणाऱ्याने ठरवायचे नव्हते. 'सहारा'मध्ये ही ओंजळ उलटी झाली आहे. इथे ओंजळ देणाऱ्याची आहे. काळ्या हातांच्या ओंजळीतून पाणी भांड्यात पडते आणि ते भांडे इंग्रज कॅप्टनपासून इटालियन कैद्यापर्यंत सर्वांच्या ओठांना लागते. कोणी तोंड फिरवत नाही. चित्रपटात या गोष्टीचा उच्चारही होत नाही, आणि मला तो प्रसंग मोठा वाटतो तो या अनुच्चारामुळे.

आमच्या घरात एक विहीर सांगितली जाते. निजामाच्या राज्यातली गोष्ट. उन्हाळ्यात गावच्या आडाचा तळ लागला की गाळ काढायला माझ्या आज्याला उतरवत. चऱ्हाटाला धरून तो खाली जाई, टोपल्यांनी चिखल वर पाठवी, पहारीने खडक फोडी. झरा मोकळा झाला की पहिले पाणी त्याच्या पायांना लागे. आजी सांगायची, "तुझ्या आज्यानं आडाचं पहिलं पानी पिलं. खाली कोन बघतंय? वर आल्यावर मात्र त्यालाच दुसऱ्याला मागावं लागलं." मजुरी म्हणून पदरात जोंधळा पडे. आडावर गोमूत्र शिंपडले जाई. आणि दुसऱ्या दिवसापासून आजी घागर घेऊन लांब उभी राही, कोणी शेंदून घालील म्हणून. ज्याच्या हाताने पाणी वर आले त्याच्या घरात त्या पाण्याची घागर भिकेने भरायची, हा आमच्या गावचा न्याय होता. आमच्याच गावचा होता असेही नाही. मराठवाड्यात असा आड नसलेले गाव कोणी दाखवून द्यावे.

म्हणून तंबुल विहिरीत उतरला तेव्हा माझ्या पोटात कालवले. मला वाटले, आता हा वर आल्यावर काय होते ते पाहू. वर आल्यावर काहीच झाले नाही. तो सर्वांच्यात बसला. विहिरीच्या आत टेक्सासचा एक गोरा सैनिक त्याच्याबरोबर काम करता करता बायकांविषयी गप्पा मारतो. धर्माने चार बायकांची मुभा असली तरी आपली एकच आहे, कारण दुसरी आणलेली तिला खपणार नाही, असे तंबुल त्याला सांगतो. दोन नवरे एकमेकांशी बोलतात तसे ते बोलतात. पडद्यावर काळ्या माणसाला घर असणे, बायको असणे, आणि तिची भीती असणे ही त्या काळच्या हॉलिवूडमध्ये सहज घडणारी गोष्ट नव्हती. तंबुलचे काम करणारा रेक्स इंग्रॅम हा थोर नट. त्याआधी पडद्यावर तो 'द ग्रीन पाश्चर्स'मध्ये देव झाला होता, 'हकलबेरी फिन'मध्ये पळालेला गुलाम झाला होता, कोर्डा बंधूंच्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये बाटलीतला जिन झाला होता. 'सहारा'त त्याला साधा, हुशार, बायकोला वचकून असलेला माणूस होता आले.

आणि तरीही हा चित्रपट खरे बोलतो असे मला म्हणता येत नाही.

जर्मन वैमानिकाचा प्रसंग पाहा. त्याची झडती घ्यायला गन तंबुलला सांगतो. वैमानिक अंग चोरतो. हीन वंशाच्या माणसाचा हात आपल्याला लागू नये असे तो म्हणतो. गन त्याला टोला हाणतो की याचा काळा रंग तुझ्या गणवेशाला लागणार नाही. चित्रपटगृहात या वाक्यावर टाळ्या पडल्या असतील. मलाही क्षणभर बरे वाटले. विटाळ मानणारा माणूस असा तोंडावर पडलेला पाहिला की आपल्यातल्या कोणाला बरे वाटणार नाही? आईला मी हा प्रसंग समजावून सांगितला, कारण भांडण कशाचे या तिच्या प्रश्नाचे उत्तर चित्रपटकर्त्यांच्या मते हेच होते: या हातांचे पाणी पिणारे एका बाजूला, आणि या हातांचा विटाळ मानणारे दुसऱ्या बाजूला.

पण असे दोन तट खरोखर होते काय? 'सहारा'चे चित्रण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात झाले. त्यात जर्मन म्हणून जे शेकडो सैनिक धावताना, मरताना, पाण्यासाठी तडफडताना दिसतात ते प्रत्यक्षात अमेरिकन लष्कराचे सैनिक होते. त्या लष्करात १९४३ साली काळ्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या, बराकी वेगळ्या होत्या, खानावळी वेगळ्या होत्या. रेडक्रॉस जखमींसाठी रक्त गोळा करी, तेव्हा काळ्यांचे रक्त वेगळ्या चिठ्ठीने वेगळे ठेवले जाई, आणि ही पद्धत १९५० पर्यंत चालली. लष्करातला वर्णभेद बंद करण्याचा हुकूम अध्यक्ष ट्रूमन यांनी काढला तो २६ जुलै १९४८ रोजी, म्हणजे हिटलर मेल्यावर तीन वर्षांनी. जो गन तंबुलच्या ओंजळीतले पाणी पितो त्याच्या देशाच्या रुग्णालयात तंबुलचे रक्त गोऱ्याच्या अंगात जाऊ शकत नव्हते. अमेरिकेतल्या काळ्यांना हे पक्के ठाऊक होते. म्हणूनच १९४२ पासून त्यांच्या वर्तमानपत्रांनी दुहेरी विजयाची हाक दिली होती: बाहेर फॅसिझमवर विजय आणि घरात वर्णद्वेषावर विजय.

चित्रपटाने त्यातला पहिला विजय घेतला आणि दुसरा सोडून दिला. विटाळाचे सगळे पाप त्याने एका जर्मनाच्या डोक्यावर घातले. ही युक्ती आपल्या परिचयाची आहे. अमेरिकेतल्या काळ्यांच्या हालअपेष्टांनी गहिवरणारे, त्यांच्या कादंबऱ्यांवर व्याख्याने देणारे पांढरपेशे मी नांदेड-परभणीकडे भरपूर पाहिले आहेत. १९७८ च्या जुलैत विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि खेड्यापाड्यांत आमची घरे पेटली, तेव्हा यांतल्या कित्येकांचा गहिवर अटलांटिक ओलांडून परत आला नाही. दूरच्या विटाळावर बोलायला काही पडत नाही.

तंबुलची निर्मिती कशी झाली तेही पाहण्यासारखे आहे. 'सहारा'ची गोष्ट मूळची अमेरिकन नाही. मिखाईल रोम या सोव्हिएत दिग्दर्शकाचा 'तेरा' नावाचा चित्रपट १९३६-३७ चा. त्यात मध्य आशियाच्या वाळवंटात लाल सेनेचे लोक एक आटलेली विहीर शत्रूविरुद्ध लढवतात, आणि तिथले शत्रू हे त्याच वाळवंटाचे, क्रांतीला विरोध करणारे बासमाची. म्हणजे मूळ गोष्टीत वाळवंटाचा माणूस बंदुकीच्या पलीकडे होता. हॉलिवूडने त्याला अलीकडे आणला. पटकथा लिहिणाऱ्यांत जॉन हॉवर्ड लॉसन होता. हा कम्युनिस्ट लेखक पुढे 'हॉलिवूड टेन' म्हणून गाजलेल्या खटल्यात १९५० साली तुरुंगात गेला. तंबुलमधली माणुसकी ही बहुधा त्याची देणगी असावी असा माझा तर्क आहे. कारण दिग्दर्शक कोर्डाचा पूर्वेतिहास निराळा आहे. त्याच्या 'द ड्रम' या साम्राज्याचे गोडवे गाणाऱ्या चित्रपटाविरुद्ध १९३८ साली आपल्या मुंबईतच लोक रस्त्यावर उतरले होते आणि तो चित्रपट इथे बंद करावा लागला होता.

परंतु लॉसनलाही तंबुलच्या तोंडी एक गोष्ट घालता आली नाही. सुदान तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता. नावाला त्यात इजिप्तचा वाटा होता. १९५६ साली तो स्वतंत्र झाला. मग तंबुल कोणासाठी लढतो? जिसेप्पे या इटालियन कैद्याला चित्रपटात एक लांब, हलवून सोडणारे भाषण आहे. मुसोलिनी म्हणजे इटली नव्हे, असे तो जर्मनाला तोंडावर सांगतो आणि त्यासाठी सुरा खाऊन मरतो. ते काम करणाऱ्या जे. कॅरोल नॅशला ऑस्करचे नामांकन मिळाले. ते रास्तच होते. पण स्वतःच्या देशाविषयी, स्वतःच्या गुलामीविषयी बोलण्याचा हक्क या चित्रपटात कैद्याला आहे आणि सार्जंट मेजरला नाही. तंबुलने विहीर दाखवायची, विहिरीत उतरायचे, पळालेल्या जर्मनाचा पाठलाग करून त्याला मारायचे आणि परत येताना गोळ्या खाऊन पडायचे. इंग्रज कॅप्टन हुद्द्याने मोठा असूनही सार्जंट गनकडे नेतृत्व सोपवतो, आणि याला मोठी लोकशाही समजले जाते. वाट तंबुलला ठाऊक, पाणी तंबुलला ठाऊक. पण नेतृत्व त्याच्याकडे जावे हा विचार कोणाच्या मनात येत नाही.

तंबुल त्या जर्मनाला नुसत्या हातांनी वाळूत दाबून मारतो, हे मात्र नोंदवले पाहिजे. ज्या हातांचा स्पर्श नको होता त्याच हातांखाली तो मरतो. १९४३ च्या अमेरिकेत, जिथे काळ्यांना झाडाला टांगले जात होते, तिथे पडद्यावर काळ्याने गोऱ्याला असे मारणे आणि प्रेक्षकांनी काळ्याच्या बाजूने असणे, ही लहान गोष्ट नाही. पण त्याचे मोल लगेच वसूल करून घेतले जाते. दोनच मिनिटांत तंबुल मरतो.

आपण कोणासाठी लढायचे, हा प्रश्न तंबुलला पडला नसेल. आपल्याला पडला होता. महारांची लष्करभरती इंग्रजांनी १८९२-९३ च्या सुमारास बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली '१११ महार' ही पलटण उभारली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली. पुन्हा युद्ध आले. व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असलेल्या बाबासाहेबांनी हा विषय लावून धरला, आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. 'सहारा'ची गोष्ट घडते त्या जून १९४२ मध्ये ही रेजिमेंट जेमतेम आठ महिन्यांची होती. पुढच्याच महिन्यात बाबासाहेब मजूरमंत्री झाले. तहान लागली की साम्राज्याला आमच्या हातचे चालते आणि तहान भागली की पुन्हा विटाळ होतो, हे बाबासाहेबांइतके कोणी ओळखले नव्हते. तरीही नाझीवादाचा पराभव झालाच पाहिजे ही त्यांची भूमिका ठाम होती, आणि इंग्रजांच्या गरजेतून आपल्या माणसांचा हक्क किती काढून घेता येईल हा हिशेबही त्यांनी सोडला नाही. तंबुल आणि आपण यांत फरक पडतो तो इथे. आपल्यापाशी प्रश्न विचारणारा नेता होता. १९४६ साली याच बाबासाहेबांनी अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे काळ्यांनी केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती.

तोब्रुकमध्ये शरण जावे लागलेल्यांत मराठा पलटणीचे सैनिकही होते. चौथी भारतीय डिव्हिजन त्या वाळवंटात लढली. 'सहारा'च्या रणगाड्यावर अमेरिकन आहेत, इंग्रज आहेत, फ्रेंच आहे. हिंदी माणूस औषधालाही नाही. समजा असता, आणि त्यात एक आपला असता, तर तंबुलच्या ओंजळीपाशी सगळे एकत्र बसले असते काय? मला शंका आहे. गोऱ्यांनी काळ्याच्या हातचे पाणी प्यायला चित्रपटात काही अडत नाही. आपल्या दोघा हिंदी सैनिकांमध्ये मात्र दिग्दर्शकाला आणखी एक भांडे ठेवावे लागले असते.

हे मी रागाने लिहितो आहे असे कोणी म्हणेल. त्याने बाबासाहेबांचे आत्मकथनपर लेखन काढून पाहावे. १९०१ सालची हकिकत आहे. वडील कोरेगावला रोखपाल होते. दुष्काळात मरणाऱ्यांना काम मिळावे म्हणून तिथे सरकारने तलाव खोदायला काढला होता. त्यांना भेटायला लहानगा भीमराव भावा-भाच्यांसह मसूर स्टेशनवर उतरला. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊन, बैलगाडी स्वतः हाकत ही मुले निघाली. शिदोरी भरपूर होती, पण पाण्याचा थेंब मिळाला नाही. आणि पाणी नाही म्हणून अन्न गळ्याखाली गेले नाही. साताऱ्याच्या मुलखात वाळू नाही, तरी वाळवंट होते. आणि १९३४ साली आमच्याच निजामी मुलखात, दौलताबादच्या किल्ल्याशी, भरलेल्या हौदावर बाबासाहेब आणि त्यांच्या सोबत्यांनी प्रवासाची धूळ धुतली, तेव्हा 'धेडांनी हौद बाटवला' म्हणून धावून आला तो पांढऱ्या दाढीचा मुसलमान होता. तंबुलचा धर्म त्याच्या मुलखात समतेचा असेल. आमच्या मुलखात त्यालाही इथले पाणी लागले होते.

चित्रपटातला सर्वांत बुद्धिमान भाग शेवटी येतो. विहीर पार आटली आहे, पण गन जर्मनांना ते कळू देत नाही. पाणी हवे असेल तर बंदुका टाका, असा सौदा तो करतो. पाणी नसताना पाण्याच्या जोरावर सत्ता चालवता येते, फक्त समोरच्याला तहान हवी, हे इतक्या उघडपणे दुसऱ्या कुठल्या चित्रपटात मी पाहिलेले नाही. आमच्या गावच्या मातब्बरांना ही विद्या कोणी शिकवली नव्हती. त्यांच्या आडात तर पाणीही होते. महाडला २० मार्च १९२७ रोजी ओंजळभर पाणी प्यायले गेले त्यामागचे कारण हेच. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने कोणी अमर होणार नव्हते. तहानेवर चाललेली सत्ता त्या ओंजळीने मोडायची होती.

इथवर येऊन 'सहारा' मात्र कच खातो. जर्मनांचा तोफगोळा विहिरीत पडतो आणि पाणी उसळून वर येते. बंदुका टाकून शत्रू पाण्याकडे धावतात. सगळे पाणी पितात, प्रश्न संपला. ज्याने थेंब थेंब गोळा केला तो बाहेर वाळूत मेलेला आहे. पटकथाकाराला चमत्कार करावा लागला, कारण कोरड्या विहिरीशी गोष्ट संपवली असती तर पाणी कोणाचे हा प्रश्न उरला असता. १९७२ च्या दुष्काळात आमच्या भागात नाला-बंडिंगवर, खडी फोडायच्या कामावर आमच्या बायका राबल्या, पाझर तलाव खणले गेले. पाऊस पडल्यावर त्या पाण्याने कोणाची शेते भिजली, हे ज्याचे त्याने आपल्या गावात जाऊन पाहावे.

मेलेल्यांची नावे गन शेवटी वाचतो. त्यात तंबुलचे नाव आहे. मला ते ऐकताना भीमा कोरेगावचा स्तंभ आठवला. १ जानेवारी १८१८ ला पडलेल्या कंपनीच्या शिपायांची नावे त्यावर कोरली आहेत आणि त्यांत 'नाक' लागलेली नावे आपली आहेत. ती कोरली इंग्रजांनी. बाबासाहेब १९२७ च्या पहिल्या दिवशी तिथे गेले तोवर त्या नावांना आपले म्हणणारे कोणी फारसे नव्हते. तंबुलच्या नावाला सुदानात कोणी आपले म्हटले की नाही, मला सांगता येत नाही.

चित्रपट संपला तेव्हा लाइट आली. मी आईला शेवट सांगितला: गोळा पडला, पाणी लागले, सगळ्यांना मिळाले, काळा माणूस मेला. तिने सूप पुन्हा मांडीवर घेतले. "मेला व्हय," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "त्याच्या बायकूला कोन सांगंल?" चित्रपटात त्या बायकोचे नाव नाही.